लिफ्ट केलेल्या पिकअपसाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बर निवडताना

पिकअप ट्रक मूळ उंचीपेक्षा दोन, चार किंवा सहा इंच वर उचलला, म्हणजे लिफ्ट केला, की आज ना उद्या त्याचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्याची वेळ येते आणि मालकासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो मापाचा. उत्पादकांच्या याद्यांमध्ये '० ते १ इंच लिफ्ट', '२ ते ३ इंच लिफ्ट' असे गट पाडलेले असतात. आपल्या गाडीची लिफ्ट किती इंचांची आहे एवढे ठाऊक असले की काम भागेल असे वाटते, आणि पुष्कळदा ते भागतेही. परंतु या गटांमागे काही गृहीतके असतात: गाडी कोणत्या पद्धतीने उचलली आहे, ती किती वजन वाहते आणि तिची चाके किती वरखाली होतात, हे सारे उत्पादकाने गृहीत धरलेल्या गाडीसारखेच असेल. लिफ्ट केलेल्या गाड्यांबाबत नेमके हेच खरे ठरत नाही, कारण त्या बहुधा टप्प्याटप्प्याने बदलल्या जातात आणि प्रत्येकीचा घाट निराळा होतो. म्हणून इंचांचा आकडा शोध सुरू करण्यापुरता धरावा आणि निर्णय मात्र गाडीवर प्रत्यक्ष घेतलेल्या तीन मापांवर आणि तिच्या खऱ्या वजनावर सोपवावा, असे माझे मत आहे.

शॉक नेमके काय करतो

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकचे काम वजन पेलण्याचे नाही. खड्ड्यात चाक आदळले की स्प्रिंग दबते आणि तिच्यात ऊर्जा साठते. ती ऊर्जा कोणी शोषली नाही, तर गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली हेलकावे खात राहील आणि रस्त्यावरची चाके त्याहून कितीतरी जलद थडथडत राहतील. शॉकच्या नळीत तेल असते, त्यात दांड्याला जोडलेला पिस्टन फिरतो आणि पिस्टनमधील झडपांतून तेलाला वाट काढावी लागते. या घर्षणात हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि नळीच्या पत्र्यातून हवेत जाते. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ चाललेल्या गाडीचे शॉक हात लावू नये इतके तापतात, ते याच कारणाने.

शॉक दबताना आणि लांबताना सारखाच विरोध करत नाही. दबताना स्प्रिंग स्वतःच विरोध करत असते, म्हणून तेथे शॉकचा वाटा कमी ठेवतात; लांबताना, म्हणजे रिबाउंडच्या वेळी, स्प्रिंगमध्ये साठलेला सगळा जोर सुटत असतो, म्हणून तेथे विरोध बराच जास्त लागतो. बिलस्टाइनसारख्या कंपनीच्या माहितीपत्रकात '२५५/७०' असे आकडे दिसतात, त्यांतील पहिला रिबाउंडचा आणि दुसरा दबण्याचा असतो. सेकंदाला सुमारे अर्धा मीटर या पिस्टनच्या वेगाला मिळणारे ते बल असते आणि आकड्याला दहाने गुणले की ते न्यूटनमध्ये येते. या जोडीतील तफावत पाहिली की स्प्रिंग बदलल्यावर शॉकही बदलावा लागण्याचे कारण उलगडते: स्प्रिंग जितकी कडक, तितका तिला आवरणारा रिबाउंड जास्त हवा.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. गाडी उंच झाल्यावर वळणावर अधिक कलते, म्हणून 'कडक' शॉक घालावेत असा सल्ला सर्रास दिला जातो. गाडी शेवटी किती कलेल हे गुरुत्वमध्याची उंची, स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाके जोडून कलणे आवरणारी दांडी) ठरवतात. शॉक फक्त ती किती झपाट्याने कलेल एवढेच ठरवतो. अति कडक शॉकमुळे कलणे मंद होते खरे, पण लहान खाचखळग्यांवर चाक रस्त्याला चिकटून राहत नाही, आणि ती किंमत प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते.

उंची कशी वाढवली आहे, हे आधी पाहा

दोन गाड्या सारख्याच तीन इंचांनी उंच असल्या तरी त्यांना लागणारे शॉक वेगळे असू शकतात. सर्वांत सोपे उदाहरण बॉडी लिफ्टचे आहे. यात चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी वर उचललेली असते. चॅसी, अ‍ॅक्सल आणि स्प्रिंग यांच्यातील अंतर तसूभरही बदललेले नसते. अशा गाडीला मूळ लांबीचेच शॉक लागतात. गाडी तीन इंच उंच दिसते म्हणून तीन इंच लांब शॉक बसवले, तर मोठ्या खड्ड्यात ते आतून ठोकतील आणि काही महिन्यांत निकामी होतील.

पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी) असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ शेव्हरोले सिल्व्हराडोच्या हेवी ड्यूटी प्रकारात, बोल्ट पिळून पुढची बाजू उचलण्याची पद्धत आहे. यात कंट्रोल आर्मला, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या हलत्या भुजेला, वर आणि खाली अडवणारे थांबे जागच्या जागीच राहतात. चाकाची एकूण हालचाल तेवढीच राहते आणि फक्त गाडी उभी असतानाचा बिंदू खाली, म्हणजे लांबण्याच्या टोकाकडे, सरकतो. पूर्ण लांबलेल्या स्थितीतील अंतर बदललेले नसल्यामुळे लांब शॉकचा येथे फारसा उपयोग नाही, आणि त्याची दबलेली लांबी जास्त असेल तर उलट अपायच आहे. अशी गाडी लहानशा उंचवट्यावरूनही धाडकन खाली येते, कारण चाकाला खाली जायला जागाच उरलेली नसते. हे दुखणे कोणताही शॉक बरे करू शकत नाही.

मागच्या बाजूला बहुतेक पिकअपना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, असतात. तेथे उंची वाढवण्याचे मार्ग अनेक आहेत. पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा घातला, तर अ‍ॅक्सल ठोकळ्याच्या उंचीइतका खाली जातो आणि पूर्ण लांबलेले अंतरही तेवढेच वाढते. वर दबताना मात्र जुना बम्प स्टॉप (वरच्या हालचालीला अडवणारा रबरी थांबा) अ‍ॅक्सलला पूर्वीच्याच जागी अडवतो, म्हणजे पाट्यांना आधीपेक्षा जास्त वाकावे लागते. म्हणून चांगल्या किटमध्ये उंच बम्प स्टॉप दिलेला असतो आणि तो आहे की नाही यावर शॉकची दबलेली लांबी अवलंबून राहते. ठोकळ्यावर ठोकळा ठेवलेली गाडी असेल, तर शॉकचा विचार बाजूला ठेवून आधी ते काढावेत, कारण ब्रेक लावताना आणि जोर देताना अ‍ॅक्सलची पिळवट तेथेच एकवटते. एखादा जादा पाटा घातला किंवा सगळा संचच नवा बसवला, तर पाट्यांची कमान मोठी होते आणि कडकपणाही बदलतो. लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी) लावले, तर शॅकलची लांबी जितकी वाढते त्याच्या साधारण निम्मीच उंची अ‍ॅक्सलपाशी मिळते.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइलओव्हर स्ट्रट (शॉकभोवतीच स्प्रिंग बसवलेला जोड) असलेल्या गाड्या, जसे फोर्ड एफ-१५० किंवा टोयोटा टॅकोमा, यांचा प्रकार आणखी नाजूक आहे. तेथे स्ट्रट कंट्रोल आर्मच्या मधल्या भागाला टेकलेला असतो, त्यामुळे त्याच्या माथ्यावर एक इंच जाडीची चकती घातली की चाकापाशी जवळजवळ दोन इंच उंची मिळू शकते. स्वस्त लिफ्ट बहुधा अशीच केलेली असते. या चकतीने स्ट्रटची स्वतःची चाल, म्हणजे पूर्ण लांबलेल्या आणि पूर्ण दबलेल्या लांबीतील फरक, वाढत नाही. संपूर्ण स्ट्रट खाली सरकतो, त्यामुळे चाक पूर्ण वर येण्याआधीच तो आतून ठोकण्याची शक्यता निर्माण होते, तर खालच्या टोकाला वरचा बॉल जॉइंट (कंट्रोल आर्मच्या टोकाचा गोलाकार सांधा) आणि सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) त्यांच्या मर्यादेच्या कडेला जातात. येथे नवा, योग्य लांबीचा स्ट्रट घेताना जुनी चकती काढून टाकणे आवश्यक असते. दोन्ही एकत्र ठेवले तर उंचीची बेरीज होते आणि ती बॉल जॉइंटला सोसत नाही. बिलस्टाइनच्या ५१०० मालिकेतील काही पुढच्या स्ट्रटवर स्प्रिंगचा खालचा आधार वेगवेगळ्या खाचांत बसवून उंची बदलता येते. अशा स्ट्रटवर कोणती खाच वापरली आहे हे न पाहता 'दोन इंच लिफ्ट' म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

चार ते सहा इंचांच्या मोठ्या किटमध्ये चॅसीखालचे आडवे भाग आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) बदलून कंट्रोल आर्मच खाली आणलेले असतात. अशा किटमध्ये कधी लांब स्ट्रट असतो, तर कधी मूळ स्ट्रटच ठोकळ्यासह वापरलेला असतो. म्हणजे सहा इंच उंच गाडीला मूळ लांबीचाच स्ट्रट लागू शकतो. किट कोणाचे आहे याचा शोध घेतल्याशिवाय येथे पाऊल टाकू नये.

तीन मापे

आता मुख्य भाग. शॉकच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचे अंतर तीन स्थितींत मोजायचे आहे: गाडी सपाट जमिनीवर नेहमीच्या वजनासह उभी असताना, चाक पूर्ण खाली लोंबत असताना आणि चाक पूर्ण वर दबलेले असताना.

पहिले माप सोपे आहे, फक्त 'नेहमीच्या वजनासह' हे शब्द गांभीर्याने घ्यावेत. मागे सदैव अवजारांची पेटी असेल तर ती ठेवूनच मोजावे. दुसऱ्या मापासाठी जुना शॉक काढून, चॅसी जॅक स्टँडवर भक्कम टेकवून, अ‍ॅक्सलखालचा जॅक सावकाश उतरवावा. हे करताना ब्रेकची लवचीक नळी आणि एबीएसची तार यांवर सतत नजर ठेवावी. पाटे पूर्ण सैल होण्याआधीच नळी ताणली जात असेल, तर गाडीची खरी खालची मर्यादा ती नळी आहे, आणि आधी लांब नळी बसवल्याशिवाय लांब शॉक बसवणे धोक्याचे आहे. जुन्या, आखूड शॉकने आजवर नकळत त्या नळीचे रक्षण केलेले असते. मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत, जसे २००९ पासूनच्या रॅम १५०० मध्ये, अ‍ॅक्सल फार खाली गेला तर स्प्रिंग तिच्या बैठकीतून निसटू शकते. तेथेही मर्यादा स्प्रिंग ठरवते.

तिसरे माप घेणे अवघड असते, कारण रिकाम्या गाडीचे जड पाटे जॅकने पूर्ण दबत नाहीत, त्याआधी गाडीच उचलली जाते. अशा वेळी उभ्या स्थितीत अ‍ॅक्सल आणि बम्प स्टॉप यांच्यातील अंतर मोजावे आणि जोरदार आघातात बम्प स्टॉपचे रबर स्वतः किती दबेल ते त्यात मिळवावे; ही बेरीज पहिल्या मापातून वजा केली की तिसरे माप साधारण मिळते. साधे रबर त्याच्या उंचीच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत दबू शकते असे धरून चालावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उभ्या स्थितीत अंतर ५२० मिलिमीटर आहे, पूर्ण लोंबताना ६५० आणि पूर्ण दबताना ४००. दोन्ही टोकांना शॉक स्वतः आपटू नये म्हणून किमान १५ मिलिमीटर जागा सोडली, तर आपल्याला दबलेली लांबी ३८५ किंवा त्याहून कमी आणि लांबलेली लांबी ६६५ किंवा त्याहून जास्त असलेला शॉक हवा, म्हणजे चाल किमान २८० मिलिमीटर हवी. पण शॉक पूर्ण दबला तरी त्याच्यात पिस्टन, सील, टोकाची कडी आणि काही प्रकारांत वायूचा कप्पा यांची जागा उरतेच. दबलेल्या लांबीतून चाल वजा केली की ही न आवळणारी लांबी मिळते. आपल्या उदाहरणात ती जास्तीत जास्त १०५ मिलिमीटर असायला हवी, आणि वायूचा कप्पा नळीतच असलेल्या शॉकमध्ये ती सहज १५० च्या आसपास असते. म्हणजे हवा तसा शॉक मिळणारच नाही, आणि लिफ्ट केलेल्या गाडीत हीच परिस्थिती वारंवार उद्भवते.

मग तडजोड कोठे करायची? न आवळणारी लांबी १५० असलेला, २६० चालीचा शॉक घेतला, तर त्याची दबलेली लांबी ४१० आणि लांबलेली ६७० होईल. लांबण्याचे टोक जुळले. दबण्याच्या टोकाला १५ मिलिमीटरची जागा ठेवायची तर अ‍ॅक्सल ४२५ वर थांबायला हवा, म्हणजे बम्प स्टॉप २५ मिलिमीटर उंच करावा लागेल. दुसरा मार्ग २३५ चालीचा शॉक घेण्याचा आहे; तो ३८५ पर्यंत दबेल, पण ६२० पेक्षा जास्त लांबणार नाही, म्हणून अ‍ॅक्सलला सुमारे ६०५ वर थांबवणारा पट्टा लावावा लागेल. तिसरा मार्ग वायूचा कप्पा बाहेर वेगळ्या डब्यात असलेला शॉक घेण्याचा आहे. त्याच्या नळीत जास्त चाल मावते. बहुतेक वापरासाठी मी पहिला मार्ग निवडेन: बम्प स्टॉप उंच करणे स्वस्त आहे, आणि मोठे टायर बसवलेल्या गाडीत टायर चाकाच्या कमानीला घासू नये म्हणून ते बहुधा करावे लागतेच.

तडजोड कोणतीही केली तरी एक नियम मोडू नये. वर दबताना आघात बम्प स्टॉपने घ्यावा, शॉकने कधीही नाही. शॉक आतून ठोकला की पिस्टन, झडपा किंवा शॉकला चॅसीवर धरणारा कंस यांपैकी काहीतरी तुटते, आणि कंस तुटला तर दुरुस्ती शॉकच्या किमतीत होत नाही. खालच्या टोकाला मात्र थोडी सवलत आहे: कॉइलओव्हर स्ट्रट असलेल्या अनेक गाड्यांत स्ट्रटच खालची मर्यादा ठरवेल अशी मूळ रचना असते. त्यामुळेच अशा गाडीत 'जास्त लांबणारा' स्ट्रट हा निव्वळ फायदा नसतो. त्यासोबत वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागू शकतात.

शॉक तिरका बसवलेला असेल तर त्याचा परिणामही हिशेबात धरावा. बोल्ट ते बोल्ट असे माप दोन्ही टोकांना प्रत्यक्ष घेतले असेल तर लांबीत कोन आपोआप येतो, पण बलाच्या हिशेबात तो येत नाही. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला शॉक चाकाच्या सरळ वरखाली हालचालीला आपल्या ताकदीच्या तीन चतुर्थांशच विरोध करतो, आणि ४५ अंशांवर निम्माच, कारण कोनामुळे शॉकची गतीही घटते आणि त्याच्या बलाचा उपयोगी भागही. कंट्रोल आर्मच्या मध्यावर बसवलेल्या स्ट्रटला हेच गणित लागू पडते: चाकाच्या हालचालीच्या ०.६ पट हालचाल स्ट्रटला मिळत असेल, तर चाकापाशी त्याच्या विरोधाचा ०.३६ पट भागच पोहोचतो. याच कारणाने एका गाडीचे शॉक दुसरीत केवळ लांबी जुळली म्हणून बसवणे चुकीचे ठरते.

आतली रचना: किती खर्च योग्य

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. ट्विन-ट्यूब शॉकमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात. पिस्टन आतल्या नळीत फिरतो, जास्तीचे तेल तळाच्या झडपेतून बाहेरच्या नळीत जाते आणि तेथे वर थोडा कमी दाबाचा नायट्रोजन असतो. मोनोट्यूबमध्ये नळी एकच असते आणि तेल व जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो. ही दुसरी रचना फ्रेंच अभियंता द कार्बों यांची, आणि बिलस्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझसाठी ती मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आणली.

फरक दोन ठिकाणी जाणवतो. पिस्टन वेगाने फिरताना त्याच्यामागे दाब घसरतो, तेलात बुडबुडे तयार होतात आणि फेसाळलेले तेल झडपांतून अडथळ्याविना निघून जाते. म्हणजे सर्वाधिक गरज असतानाच शॉक ढिला पडतो. जास्त दाबाचा वायू हे बुडबुडे होऊ देत नाही. शिवाय मोनोट्यूबची उष्णता एकाच भिंतीतून थेट बाहेर जाते. ट्विन-ट्यूबचेही गुण आहेत: तो स्वस्त असतो, कमी चालीच्या धक्क्यांना मऊ असतो, आणि दगड लागून बाहेरच्या नळीला पोचा आला तरी चालत राहतो. मोनोट्यूबच्या नळीला पोचा आला की पिस्टन अडकतो आणि शॉक गेला. मोनोट्यूब उलटा, म्हणजे नळी वर आणि दांडा खाली, बसवता येतो; सर्वसाधारण ट्विन-ट्यूब तसा बसवता येत नाही, कारण तळाची झडप तेलाऐवजी वायू ओढू लागते.

वायूच्या दाबामुळे मोनोट्यूब गाडीला किंचित उचलतोही. १६ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर १४ बार दाब असेल, तर तो साधारण २८ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलला जातो. बसवल्यानंतर गाडी काही मिलिमीटर वर आली तर घाबरण्याचे कारण नाही.

फॉक्स, किंग यांसारख्या कंपन्यांच्या नावांपुढे येणारे २.० किंवा २.५ हे आकडे नळीचा व्यास इंचांत सांगतात. व्यासाचा परिणाम वाटतो त्याहून मोठा असतो: ४६ मिलिमीटरच्या पिस्टनपेक्षा ६० मिलिमीटरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ७० टक्के जास्त असते, त्यामुळे तेवढेच बल कमी दाबात मिळते आणि उष्णता सामावण्यासाठी तेलही जास्त असते. ३५ इंची टायर आणि जड रिम बसवलेल्या गाडीत स्प्रिंगने न पेललेले, म्हणजे चाकाचे स्वतःचे, वजन बरेच वाढते आणि तेथे मोठा व्यास कामी येतो. बाहेरचा वेगळा डबा तासन्‌तास नालीदार कच्च्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्यांसाठी, किंवा वर सांगितल्याप्रमाणे लांबीचे गणित जुळत नसेल त्यांच्यासाठी, उपयोगी आहे. रोजच्या डांबरी रस्त्यावर आणि अधूनमधून कच्च्या वाटेवर चालणाऱ्या गाडीला तो केवळ शोभेचा ठरतो, असे मी स्पष्ट म्हणेन. तेवढ्याच पैशांत चांगला साधा मोनोट्यूब, नवे बुश (जोडाच्या ठिकाणचे रबरी अस्तर) आणि उंच बम्प स्टॉप येतात, आणि गाडीत पडणारा फरक त्याने जास्त दिसतो.

वजन आणि झडपा

झडपांची निवड वजनावर आणि स्प्रिंगच्या कडकपणावर करायची असते. पुढे लोखंडी बम्पर आणि विंच, मागे कायमची टपरी किंवा कॅम्पर असेल, तर गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे आणि विक्रेत्याला तोच आकडा सांगावा. येथे उलट चूकही तितकीच होते: मागे फक्त कधीतरी सामान नेणाऱ्याने सदैव भरलेल्या गाडीसाठीचे शॉक घेतले, तर रिकाम्या गाडीचा मागचा भाग प्रत्येक सांध्यावर उडतो. ज्याचे वजन सतत बदलते त्याच्यासाठी बाहेरून फिरवण्याची कळ असलेला शॉक खरोखर उपयोगी आहे. रँचो कंपनीच्या आरएस९००० सारख्या शॉकवर नऊ पायऱ्या असतात.

महागड्या शॉकवर 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' अशा दोन कळा दिसतात. हा वेग गाडीचा नसून पिस्टनचा असतो. ब्रेक लावताना नाक झुकणे किंवा वळणावर कलणे या पिस्टनच्या मंद हालचाली आहेत. खड्ड्याची धार ही जलद. काही शॉकच्या झडपा मंद हालचालीला कडक आणि जलद हालचालीला तुलनेने सैल असतात, त्यामुळे उंच गाडी डांबरी रस्त्यावर नीट आवरली जाते. मात्र सपाट दिसणाऱ्या रस्त्यावरच्या बारीक खडबडीत त्या थोड्या टणक वाटतात. ही चव प्रत्येकाची निराळी असते, त्यामुळे शक्य असेल तर सारख्याच वजनाच्या, सारख्याच शॉकच्या गाडीत बसून पाहणे माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगते.

बसवणे आणि तपासणे

शॉक एका अ‍ॅक्सलवर नेहमी जोडीने बदलावेत. टोकांची रचना, म्हणजे कडी आहे की आटे असलेला दांडा, बोल्टचा व्यास आणि बुशमधील नळीची रुंदी, मागवण्याआधी मोजून घ्यावी. ट्विन-ट्यूब शॉक बसवण्याआधी उभा धरून लांबवावा, उलटा धरून दाबावा आणि असे काही वेळा करून आतल्या नळीतील वायू बाहेर काढावा. वायूभारित शॉकचा बांधलेला पट्टा कापताना दांडा आपोआप बाहेर येतो, म्हणून तोंड त्याच्या वाटेत ठेवू नये. कॉइलओव्हरची दबलेली स्प्रिंग योग्य कॉम्प्रेसरशिवाय सोडवणे जीवघेणे ठरू शकते. ते काम ज्याच्याकडे साधन आहे त्यालाच द्यावे. रबरी बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाक लोंबत असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, आणि एक चाक उंचवट्यावर चढवून, शॉकची नळी टायर, ब्रेकची नळी किंवा चॅसी यांना लागत नाही ना ते पाहावे. पुढचे स्ट्रट बदलले असतील तर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, आणि उंची बदलली असेल तर हेडलाइटची दिशाही खाली आणावी. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत. दांडा उघडा दिसणारा शॉक असेल तर त्यावर नळीच्या तोंडाशी एक पातळ केबल टाय सैलसर बांधून ठेवावा. शॉक दबला की नळीचे तोंड तो दांड्यावरून पुढे सरकवते आणि तो तेथेच राहतो, त्यामुळे काही दिवसांच्या वापरानंतर शॉक जास्तीत जास्त किती दबला ते थेट मोजता येते. टाय दांड्याच्या मुळापर्यंत पोहोचलेला आढळला, तर बम्प स्टॉपच्या आधी शॉकच ठोकत आहे असे समजावे आणि बम्प स्टॉप आणखी उंच करावा. आणि गाडी उभी असताना दबण्यासाठी उरलेली चाल अर्धीसुद्धा वापरली गेली नसेल, तर स्प्रिंग किंवा झडपा गाडीच्या वजनाच्या मानाने फार कडक निवडल्या गेल्या आहेत.